सरावाची तलवार आणि मुलाचे मनगट

शिवजयंती जवळ आली की आमच्या दवाखान्यात दुखरी मनगटे येऊ लागतात. यंदा 11 वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज, पेन धरवत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की मामांनी कोल्हापूरहून लोखंडी तलवार आणून दिली होती आणि मिरवणुकीसाठी चिरंजीव ती रोज तासभर फिरवीत होते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले, तसा तो कळवळला. अंगठा हलविणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज आली होती.

"डॉक्टर, मिरवणुकीत जाऊ द्याल ना?" एवढेच त्याने विचारले.

खेळ बंद करा असे मी सहसा सांगत नाही. मर्दानी खेळाने खांदे, पाठ आणि दम तिन्ही सुधारतात. चुकते ते हत्यार निवडताना. लोखंडी तलवार सहज किलोच्या आसपास भरते. शिवाय नुसते वजन पाहून चालत नाही, ते कुठे आहे तेही पाहावे लागते. रिकामा झेला एका हाताने धरता येतो. त्यात दोन हापूस पडले की मनगट खाली जाते. टोकाकडे जड असलेली तलवार फिरविताना मनगटाला हाच ताण प्रत्येक वेळी बसतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा नाजूक असते, हे पालकांनी विसरू नये.

जपानी लोक याबाबत काटेकोर. केंडो या खेळातली 'शिनाई' ही बांबूच्या 4 पट्ट्यांची तलवार. स्पर्धेत प्रौढांसाठी तिची लांबी 120 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वजन पुरुषांसाठी किमान 510 ग्रॅम, स्त्रियांसाठी 440. मुलांसाठी ती आखूड व हलकी असते. हल्ली तिकडच्या सरावाच्या तलवारी लांबी, वजन, मुठीची जाडी सांगून मापाने करून मिळतात. आपल्याकडेही फरी-गदक्यातला गदका म्हणजे कातडे चढवलेली काठीच. दांडपट्ट्याला 2024 साली राज्यशस्त्राचा मान मिळाला, पण त्याच्या खोबणीत मनगट जखडले जाते आणि सगळा झोक कोपर-खांद्यावर येतो. माझ्या मते नवशिक्याने पट्ट्याला हात लावू नये.

निवड करताना तलवार हातात घेऊन हात समोर सरळ धरा आणि सावकाश 10 अंक मोजा. टोक थरथरले किंवा झुकले तर ती जड आहे. मग ती बोटावर तोलून पाहा. तोलाची जागा मुठीच्या जितकी जवळ तितके बरे. हात खाली सोडून धरल्यावर टोक जमिनीला टेकू नये. मूठ आवळल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांत दुसऱ्या हाताचे एक बोट मावावे. बोटे तळव्यात रुतली तर मूठ बारीक, आवळताच आली नाही तर जाड. आपल्या दमट हवेत हाताला घाम फार, म्हणून मुठीवर सुती पट्टी गुंडाळावी. चकचकीत व्हार्निश पाहून भुलू नये, ते निसटते.

पावसाळ्यात लाकूड ओल धरते, बांबूला भुंगा लागतो. सरावापूर्वी कापसाचा बोळा तलवारीवरून फिरवा. जिथे अडकेल तिथे चीर आहे. अशा चिरेतून उडालेली कुसळ डोळ्यात गेली तर गाठ डोळ्यांच्या डॉक्टरांशीच.

आमच्या पेशंटला 3 आठवडे पट्टी व विश्रांती दिली. मिरवणुकीत त्याने डाव्या हातात नुसती फरी धरली. परवा तो सुताराकडून करून घेतलेली सागवानी तलवार घेऊन दाखवायला आला. वजन, तोल ठीक होता. मूठ मात्र अजून जाड होती, ती तासून आणायला परत पाठवले.