कोशांतील नोंदींची नक्कल, संगणकीय
संगणकाच्या प्रोग्रॅममधील ज्या माहितीरचनेत प्रत्येक मूल्य एका किल्लीशी जोडलेले असते, तिला कोश म्हणतात. किल्ली दिली असता तिचे मूल्य मिळते. एका कोशात एक किल्ली एकदाच येते. पायथन या भाषेत (१९९१) या रचनेस डिक्शनरी असे नाव आहे. एका कोशातील किल्ली-मूल्य जोड्या दुसऱ्या कोशात घालणे हे नित्याचे काम असून ते ‘अपडेट’ या क्रियेने किंवा २०२० पासून, म्हणजे भाषेच्या ३.९ या आवृत्तीपासून, उभ्या रेघेच्या चिन्हाने करता येते.

दोन्ही कोशांत समान किल्ली असल्यास नंतर आलेले मूल्य टिकते व आधीचे पुसले जाते. बीड जिल्ह्यातील गावांच्या कोशात ‘परळी’ या किल्लीखाली वैजनाथ मंदिराच्या गावाची माहिती असेल आणि सातारा जिल्ह्याच्या कोशात त्याच किल्लीखाली सज्जनगडाच्या पायथ्याच्या गावाची, तर दुसरा कोश पहिल्यात मिसळताच बीडकडील परळी नाहीशी होते. संगणक त्रुटीची कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्रुटी घडलेलीच नसते. याउलट ‘परळी’ व ‘परळी वैजनाथ’ या एकाच गावासाठी योजलेल्या दोन किल्ल्या संगणकास सर्वस्वी भिन्न वाटतात. म्हणून गावाच्या नावाऐवजी जनगणनेतील संकेतांक किल्ली म्हणून घेणे श्रेयस्कर.

नकलेचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. परळीच्या जुन्या नोंदीत महसुली विभाग ‘औरंगाबाद’ व २०२३ नंतरच्या नोंदीत ‘छत्रपती संभाजीनगर’ असतो. नव्या नोंदीवर जुनी घातल्यास रद्द झालेले नाव परत येते. जुन्या नोंदीतील केवळ उणी माहिती घ्यावयाची असेल, तर नव्या कोशात जी किल्ली नाही तिचीच जोडी घालावी.

याहून फसवा प्रकार उथळ नकलेचा होय. ‘कॉपी’ या क्रियेने नवा कोश तयार होतो खरा. परंतु मूल्य एखादी यादी असल्यास ती दोन्ही कोशांत एकच राहते. समजा, परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्राच्या २०१० मधील नोंदीत २५० मेगावॉट क्षमतेच्या संचांची यादी ‘६, ७’ अशी आहे. तिची उथळ नक्कल करून २०१६ मध्ये सुरू झालेला संच ८ नव्या नोंदीच्या यादीत जोडला, तर तो २०१० च्या नोंदीतही दिसू लागतो. म्हणजे सहा वर्षे आधीच तो चालू असल्याचे दप्तर सांगते. अंक व अक्षरमालिका या मूल्यांना ही बाधा होत नाही, कारण ती जागच्या जागी बदलता येत नाहीत. ‘अपडेट’ आणि उभी रेघ यांनी होणारी नक्कलही उथळच असते, ही गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात. केवळ समान-चिन्हाने कोशास दुसरे नाव दिल्यास तर नक्कल होतच नाही. एकाच कोशास दोन नावे मिळतात.

आतील याद्यांसह स्वतंत्र प्रत हवी असल्यास ‘डीपकॉपी’ वापरावी लागते. तिला वेळ व स्मृतिजागा अधिक लागतात. म्हणून मोठ्या कोशात जी यादी बदलावयाची आहे तेवढीच वेगळी करून घेतात.