मिक्समध्ये माया ठेवा

सप्टेंबर २००८ मध्ये ‘मेटालिका’ या अमेरिकी बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला. तीच गाणी ‘गिटार हिरो ३’ या व्हिडिओ गेममध्येही होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं. गेममधले ड्रम ठसठशीत वाजत होते, सीडीवर मात्र सगळं चेपलेलं आणि खरखरीत होतं. अल्बम पुन्हा नीट करून द्या, अशा याचिकेवर हजारोंनी सह्या केल्या. बोल लागला तो मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांना. त्यांनी एका चाहत्याला कळवलं, की मिक्स त्यांच्याकडे पोचलं तेव्हाच ते कमालीचं दाबलेलं होतं.

गळा, गिटार, ड्रम असे सुटे ट्रॅक जुळवून दोन वाहिन्यांत बसवणं म्हणजे मिक्सिंग. तयार मिक्सचा तोल तपासून, त्यावर शेवटचा हात फिरवून ते प्रकाशनाला सज्ज करणं म्हणजे मास्टरिंग. जेन्सन यांच्यासारखा कसलेला माणूस इथे हतबल का झाला, याचं उत्तर गणितात आहे.

डिजिटल आवाजाला छत असतं: शून्य डेसिबल. त्यावरचा आकडा नेहमीच्या १६ किंवा २४ बिटच्या फाइलमध्ये लिहिताच येत नाही. लहर त्यापुढे ढकलली की तिचा माथा सपाट कापला जातो. सपाट माथ्यातून मुळात नसलेले स्वर जन्मतात. ७,००० हर्ट्झचा स्वर असा कापला, तर त्याच्या पाचपट, म्हणजे ३५,००० हर्ट्झचा एक अंश तयार होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या सीडीत २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. मग हा अंश उलटा दुमडून ९,१०० हर्ट्झवर येऊन बसतो. त्याचं मूळ सुराशी काहीच नातं नसतं, म्हणून तो कानाला बोचतो. मूळ माथा किती उंच होता याची नोंद उरलेली नसल्याने, कोणतंही यंत्र तो नेमका परत आणू शकत नाही.

शिंपी शिवणीत माया ठेवतो, कारण पुढे कपडा सैल करायला ती लागते. मिक्समध्येही ती हवी. सर्वांत उंच माथा छताच्या ३ ते ६ डेसिबल खाली राहिला, की मास्टरिंगला हात हलवायला जागा मिळते. इतक्या हळू आवाजात बारकावे हरवतील, ही भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. ६ डेसिबल म्हणजे जेमतेम एक बिट. २४ बिटच्या फाइलमधून एक बिट गेला तरी ८३,८८,६०८ पायऱ्या उरतात. सीडीच्या १६ बिटमध्ये असतात ६५,५३६.

खरी अडचण कानाची आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज हळू असला की खर्जातले स्वर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. त्यामुळे तेच मिक्स थोडं मोठं वाजवलं की भरदार आणि ‘अधिक चांगलं’ वाटतं. याच मोहापायी मास्टर चॅनलवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, माथे दाबून आवाज मोठा करणारा लिमिटर चढतो. मिक्स पाठवताना तो काढावा. तिथला, आवाजातले चढ-उतार आवरणारा कंप्रेसर गाण्याचा पोत घडवत असेल, तर मात्र तो खुशाल राहू द्यावा. सरसकट सगळं काढायला सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. लिमिटर लावलेली प्रत वेगळी, संदर्भ म्हणून जोडली तर संगीतकाराच्या मनात काय आहे ते पुढच्याला कळतं.

फाइल ज्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला जितके नमुने घेऊन) काम केलं त्याच रेटला, किमान २४ बिटमध्ये द्यावी. एमपी३ तर नकोच. ३२ बिट फ्लोटमध्ये छताच्या वर गेलेले आकडेही शाबूत राहतात, म्हणून शक्य असेल तर तीच उत्तम.

गाणं मोठं करण्याच्या या चढाओढीतला फायदाही आता संपला आहे. कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रमाणित केली. तिच्या आधारे स्पॉटिफाय एरवी प्रत्येक गाणं −१४ एलयूएफएसच्या (या पद्धतीचं एकक) आसपास आणून वाजवतं. −६ पर्यंत चेपलेलं गाणं तिथे ८ डेसिबलने खाली ओढलं जातं. ते शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं तर वाजत नाहीच, उलट माथे आधीच कापलेले असल्याने त्याचे ड्रम बोथट लागतात.