चिनी शॉर्टकट आणि आपला रिपोर्ट

चिनी भाषेत हजारो अक्षरं. मग ही मंडळी टाइप कशी करतात? मला वाटायचं, त्यांचा कीबोर्ड टेबलाएवढा असणार!

पण नाही, कीबोर्ड आपल्यासारखाच. १९५८ साली चीनने रोमन लिपीत उच्चार लिहायची 'पिनयिन' पद्धत मंजूर केली. आज कॉम्प्युटरवर बहुतेक जण तीच वापरतात, आणि तीही अर्धवट! 'बेजिंग'ची सात अक्षरं कोण टाइप करणार? नुसतं बी-जे दाबलं तरी चालतं. गोची एवढीच, की एस-जे दाबलं तर 'वेळ', 'जग', 'मोबाइल' असे कितीतरी शब्द समोर येतात. त्यातला हवा तो नंबर दाबून निवडायचा.

दुसरी पद्धत 'वूबी'. वांग योंगमिन यांनी ती १९८३ मध्ये आणली. इथे उच्चार नाही, अक्षराच्या आकाराचे तुकडे बघायचे. कुठलंही अक्षर जास्तीत जास्त चार बटणांत! नेहमी लागणाऱ्या २५ अक्षरांना तर एक बटण आणि स्पेस पुरे. शिकायला कठीण, पण यादीत शोधाशोध फारशी नाही.

आता आपल्या इंग्लिशचं बघू. स्वर गाळले तर एफ-आर-एम म्हणजे फ्रॉम, फॉर्म, फर्म की फार्म? आपली नजर असते समोरच्या कागदावर. दर शब्दाला स्क्रीनवर बघून निवड करायची तर वाचलेला वेळ तिथेच जाणार. म्हणून धडा घ्यायचा वूबीचा: ठरावीक शब्दाला ठरावीक कोड. वर्डमधलं ऑटोकरेक्ट हेच करतं. कोड टाइप करून स्पेस दिली की पूर्ण शब्द हजर.

मी उत्साहाच्या भरात 'इंडियन स्टँडर्ड'साठी आय-एस हा कोड टाकला. रूममधला कॉम्प्युटर सगळ्यांचा. पार्टनरने रात्री जागून उरलेला रिपोर्ट टाइप केला आणि न वाचताच प्रिंट काढली. सबमिशनला सरांनी मोठ्याने वाचलं, "द बीम इंडियन स्टँडर्ड सेफ." पूर्ण रिपोर्टभर तेच! बोलणी मात्र त्याने खाल्ली. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

तेव्हापासून माझा नियम: जो खराखुरा शब्द आहे, तो कोड नाही. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक कोडची सुरुवात 'क्यू'ने करायची. इंग्लिशमध्ये 'क्यू'नंतर जवळजवळ नेहमी 'यू' येतो, त्यामुळे क्यू-टी हा शब्द असायची भीती नाही. क्यू-टी म्हणजे 'टेंपरेचर'. ११ अक्षरांऐवजी दोन. रिपोर्टमध्ये तो साठदा आला तर ५४० बटणं वाचली!

लांबलचक आणि सारखे येणारे दहा शब्द निवडा, त्यांचे कोड भिंतीवर चिकटवा, आणि मुख्य म्हणजे पार्टनरला सांगा. मी सांगितलं नव्हतं.