शंभर टक्के निकालात न दिसलेलं

१६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला आणि कोकण विभाग शंभर टक्के उत्तीर्ण झाला. करोनाने मुलांचं फारसं काही बिघडलं नाही, ही समजूत अशाच आकड्यांनी पक्की केली. पण त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. नववीचे गुण आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन यांवर तो निकाल उभा होता. मुलं मोठ्या संख्येने शाळेतून गळाली, हा उलटा समजही तितकाच चुकीचा. २०२२च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या ११ ते १४ वयाच्या मुलींपैकी शाळाबाह्य मुली जेमतेम २ टक्के होत्या. पट भरलेला आणि निकाल चोख, म्हणूनच खरं नुकसान नजरेआड गेलं.

ते नुकसान सगळ्यांना सारखं झालं नाही. घरी फोन होता म्हणजे शिक्षण सुरू होतं, असं आपण धरून चाललो. २०२१च्या ‘असर’मध्ये ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. बाप कामावर निघाला की फोन त्याच्या खिशात जातो; भाऊ दहावीला असला की बहिणीचा तास बुडतो. रत्नागिरीत त्यात भर अशी की वाडी खाली आणि रेंज वर सड्यावर. भर पावसात उघड्या कातळावर छत्री सावरत गणित कसं शिकायचं? ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात तर फोन चार्ज करायलाही वीज नव्हती.

मुलं लवकर सावरतात, असंही म्हटलं जातं. काही सावरलीही. पण जगभरातल्या २९ अभ्यासांतली ८० हजारांवर मुलं एकत्र मोजणाऱ्या २०२१च्या विश्लेषणात चौघांत एकाला नैराश्याची आणि पाचांत एकाला चिंतेची लक्षणं दिसली, मुलींमध्ये अधिक. पंधरा वर्षांच्या मुलीला शाळा म्हणजे घरकामातून सुटकेचे पाच-सहा तास आणि मनातलं बोलायला मैत्रीण. ऑनलाइन तासात यातलं काहीच नव्हतं.

मग साथीत शाळा चालू ठेवायच्या होत्या का? नाही. मे २०२०मध्ये कितीतरी गावांत मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांचं विलगीकरण शाळेतच होतं, तिथे वर्ग कुठे भरवणार? माझी तक्रार पुढची आहे. शाळा उघडल्या आणि प्रश्न मिटला, असं आपण मानलं. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरले, आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. दरम्यान मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली: अभ्यासक्रम २५ टक्के कमी, मोठ्या पेपराला अर्धा तास जादा, केंद्र आपल्याच शाळेत. सवलती चांगल्याच होत्या, पण सर्वांना एकसारख्या. ज्याच्या दारात दुचाकी होती त्याला त्या मिळाल्या, आणि जिच्या दप्तरात एसटीचा मोफत पास होता पण थांब्यावर गाडी येत नव्हती, तिलाही तेवढ्याच.