टेबलं जोडली आणि बेरीज फुगली

पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटच्या पोटात निदान चार टेबलं असतात: ग्राहक, ऑर्डर, ऑर्डरमधली पुस्तकं आणि जमा रक्कम. ऑर्डरच्या ओळीत ग्राहकाचं नाव नसतं, नुसता त्याचा क्रमांक असतो. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर हा सगळा डोलारा उभा आहे. माहिती अशी वाटून ठेवली, की स्क्रीनवर दाखवताना ती जोडावी लागते. ते काम जॉइनचं.

नवशिके ते लूपने करतात. आधी शंभर ऑर्डर मागवायच्या, मग एकेकीचा ग्राहक शोधायचा. म्हणजे एका पानासाठी डेटाबेसकडे १०१ खेपा! स्वतःच्या लॅपटॉपवर हे जाणवत नाही, डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर गेला की पान रेंगाळू लागतं. जॉइनने तेच एका क्वेरीत होतं.

साध्या, म्हणजे इनर जॉइनमध्ये एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक यादीतून गळतात. ते हवे असतील तर लेफ्ट जॉइन. त्यांच्यापुढे ऑर्डरचे रकाने नल येतात. मात्र 'यंदाच्याच ऑर्डर' ही अट 'व्हेअर'मध्ये घातलीत, तर नल त्या अटीत बसत नाही आणि ते ग्राहक पुन्हा गायब. अट 'ऑन'मध्ये घाला.

खरा घोळ पुढे आहे. समजा एका ऑर्डरमध्ये २००, ३०० आणि १०० रुपयांची तीन पुस्तकं आहेत आणि ग्राहकाने ४०० व २०० असे दोन हप्ते भरले. दोन्हीकडे सहाशेच. पण पुस्तकं आणि हप्ते ही दोन्ही टेबलं ऑर्डरला एकदम जोडली, की प्रत्येक पुस्तकासमोर प्रत्येक हप्ता येतो. तीन गुणिले दोन, सहा ओळी. आता पुस्तकांची बेरीज १२०० येते आणि हप्त्यांची १८००. एरर कुठेच नाही, म्हणून तर हे जास्त धोक्याचं. काहीजण इथे 'डिस्टिंक्ट' लावून बेरीज करतात. मग दोन पुस्तकांची किंमत सारखी निघाली की त्यातलं एक गळतं. म्हणजे रोग एक, औषध भलतंच. योग्य वाट अशी: ऑर्डर क्रमांकानुसार पुस्तकांची बेरीज एका उपक्वेरीत करा, हप्त्यांची दुसरीत, आणि प्रत्येक ऑर्डरमागे एकेकच ओळ उरली की मग दोन्ही ऑर्डरला लेफ्ट जॉइनने जोडा.

हिशेबाची क्वेरी बेरीज न लावता आधी एकाच ऑर्डरवर चालवून बघा, आणि येणाऱ्या ओळी मोजा.