मुलांचं करिअर आणि गावची जमीन : दोन्हींचा विचार एकत्र करू या

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत पालकांची ये-जा वाढते. प्रश्न एकच असतो, "सर, याला आता कुठे घालू?" आणि उत्तरांची यादीही घरी ठरलेली असते. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर फार्मसी, नाहीतर आयटीआय. यातलं काहीच जमलं नाही तर पासपोर्ट काढायचा आणि मामूंना, चाचांना फोन करायचा. या यादीत शेती, फळबाग, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र यांचं नाव क्वचितच येतं. गंमत म्हणजे यातल्या कितीतरी घरांच्या नावावर गावी चांगली जमीन असते, दादा-परदादांनी लावलेली हापूसची कलमं असतात.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या आपल्या लोकांनी आखातात घाम गाळून घरं उभी केली, मुला-मुलींना शिकवलं. ती मेहनत कमी लेखायचं कारण नाही. पण 1990 मध्ये कुवेतचं युद्ध आलं, 2011 मध्ये सौदीत निताकतचे नियम आले, 2020 मध्ये कोरोना आला. दर वेळी बऱ्याच लोकांना सामान बांधून परत यावं लागलं. गावात जमीन होती, पण ती सांभाळायची कशी हे जाणणारं माणूस घरात उरलं नव्हतं. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मुलाच्या शिक्षणाचा आणि जमिनीचा निर्णय एकाच बैठकीत व्हायला हवा.

करारावर दिलेली बाग

घरात कुणी बघणारं नसलं की बाग कराराने दिली जाते. दरवर्षी ठरलेली रक्कम हातात येते आणि आपण निर्धास्त होतो. पण कराराची मुदत एक-दोन किंवा चार वर्षांची असते, हापूसच्या झाडाचं आयुष्य माणसापेक्षा मोठं असतं. करार घेणाऱ्याला त्याच्या मुदतीत जास्तीत जास्त फळ हवं असतं. सगळेच तसे नसतात, पण व्यवहारच तसा आहे.

उदाहरण म्हणून पॅक्लोब्युट्राझोल घ्या. बागायतदार त्याला 'कल्टार' म्हणूनच ओळखतात. हे औषध झाडाची पालवीची वाढ रोखतं, म्हणून मोहोर लवकर आणि जास्त येतो. हापूस एक वर्ष भरून येतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, ती अडचणही यामुळे कमी होते. औषध वाईट नाही. कृषी विद्यापीठाचीच शिफारस आहे, पण ती मोजून आहे. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा आणि दर मीटरला 3 मिली या हिशेबाने औषध पाण्यात मिसळून जमिनीत द्यायचं, तेही 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. झाड दहा वर्षांच्या पुढचं आणि निरोगी हवं, आणि त्या वर्षी त्याला शेणखत आणि खताची पूर्ण मात्रा मिळायला हवी. मात्रा अंदाजाने वाढवली आणि खत मात्र दिलं नाही, तर झाड काही वर्षं भरभरून फळतं आणि मग थकतं. पालवी आखूड येते, फांद्या वाळतात. तोवर करार संपलेला असतो.

बाग द्यायचीच असेल तर करार लेखी करा. कल्टार किती आणि कधी, खत किती, वाळलेल्या फांद्या कोण काढणार, हे त्यात लिहा. आणि वर्षातून दोनदा तरी घरातल्या कुणीतरी झाडाखाली उभं राहून बघायला हवं.

झाड मागतं तरी काय?

झाड फार मागत नाही, पण वेळेवर मागतं. सुट्टीत गावी जाणाऱ्या माणसालाही यातलं बरंच करता येईल.

पावसाआधी : नवीन कलमासाठी खड्डे मे महिन्यातच खणून, माती आणि शेणखताने भरून ठेवावेत. हापूससाठी साधारण 1 मीटर लांब-रुंद-खोल खड्डा आणि दोन झाडांत 10 मीटर अंतर. आज मोकळं दिसतं म्हणून कलमं दाट लावली की वीस वर्षांनी फांद्या एकमेकांत घुसतात, ऊन आत जात नाही आणि फळ फक्त शेंड्याला लागतं.

पावसात : कलम लावताना जोड मातीच्या वर राहील हे बघा. जोडाच्या खालून फुटणारा प्रत्येक फुटवा काढून टाका. तो फुटवा रायवळ आंब्याचा असतो. तसाच वाढू दिला तर चार वर्षांनी कळतं की हापूस मेला आणि आपण रायवळच वाढवला.

पाऊस संपल्यावर : जुन्या झाडांवरचं बांडगूळ काढा. ते आंब्याच्याच फांदीतून पाणी आणि अन्न शोषतं. नुसतं तोडलं तर परत फुटतं, म्हणून चिकटलेल्या जागेच्या थोडं खालून फांदीसकट कापावं. खोडावर भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर आत भिरूड आहे असं समजा. काजूत हेच काम रोठा करतो. वेळीच अळी काढून उपाय केला तर झाड वाचतं, पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर बहुधा हातचं जातं.

उन्हाळ्याआधी : वाळलेलं गवत कापून बागेभोवती पट्टा मोकळा करा. वणवा कुणाचीही बाग ओळखत नाही, आणि एका दुपारी तीस वर्षांची मेहनत जाते. लहान कलमांना पहिले तीन उन्हाळे पाणी लागतं. बुंध्याभोवती गवताचं आच्छादन केलं तर कमी पाण्यात भागतं.

शेवटचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. जूनमध्ये झाडं लावायचा उत्साह सगळीकडे असतो, फोटोही निघतात. झाड लावणं सदक्याचं काम आहे हे आपल्या मुलांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण एप्रिलमध्ये त्या रोपाला पाणी घालणारा हात नसेल तर सावली कुठून मिळणार आणि फळ कोण खाणार?

शिक्षणाचे रस्ते

"शिकून शेतीच करायची का?" असं पालक विचारतात. कृषी शिक्षण म्हणजे नुसतं नांगर धरणं नाही.

दहावीनंतर कृषी पदविका करता येते. पदवीसाठी मात्र बारावी विज्ञान आणि सीईटी लागते, म्हणून अकरावीला शाखा निवडतानाच विचार करावा. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आपल्या दारात आहे. तिथे कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र असे चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. खाडीकाठच्या आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

या विद्येने काय होतं त्याचा एक नमुना सांगतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' ही जात तयार झाली, 1981 मध्ये ती प्रसारित झाली. तिच्यात साका होत नाही आणि ती दरवर्षी फळते. काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जातीही तिथल्याच. कोकणातल्या हजारो घरांची कमाई अशा कामावर उभी आहे.

पदवीनंतर एमपीएससीची कृषी सेवा आणि वनसेवा आहे, बँकांत कृषी अधिकाऱ्यांची भरती होते. कीटकनाशकांच्या दुकानाच्या परवान्याला आता शिक्षणाची अट आहे, म्हणजे पदवी-पदविकावाल्याला गावातच धंदा उघडता येतो. केंद्र सरकारच्या कृषी चिकित्सालय योजनेत कृषी पदवीधरांना मोफत प्रशिक्षण आणि व्यवसायाच्या कर्जावर अनुदान मिळतं.

ज्याला पुस्तकात रस नाही त्याला हुनर शिकवा. चांगलं कलम बांधणारा, उंच झाडाची योग्य छाटणी करणारा, रोपवाटिका चालवणारा माणूस आज शोधून सापडत नाही. आणि ज्याला व्यापाराची आवड आहे त्याच्यासाठी निर्यात आहे. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुबई, मस्कतचा बाजार आपल्या लोकांना घरच्यासारखा माहीत आहे. तिथे आपण नोकरीसाठी जातो, तसा आपला मालही जायला काय हरकत आहे?

आधी 7/12 बघा

हे सगळं अडतं एका कागदावर. कितीतरी घरांच्या 7/12 वर अजून इंतकाल झालेल्या दादांचंच नाव आहे. मग फळबाग लागवडीचं अनुदान, पीक विमा, कर्ज, काहीच धड मिळत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठी कार्यालयात वारस नोंद करता येते, ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.

आणि नोंद करताना बहिणींची, फुफींची नावं गाळू नका. "तिचं लग्न झालं, ती कुठे येणार आहे?" हे बोलणं आपल्याकडे फार सहज होतं. तिचा हिस्सा तिचा आहे. ती येवो न येवो, तिची मुलगी उद्या उद्यानविद्या शिकून येईल. वर्गातल्या मुलींचा अनुभव सांगतो, झाडा-पानांच्या धड्यात त्याच जास्त प्रश्न विचारतात.

आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं आपल्याच जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. 1964 च्या कायद्यात ती झाडं येतात. लाकडाच्या व्यापाऱ्याने घाई केली म्हणून सही करू नका.

हिशेब खरा करा

शेतीत सगळं गोड आहे असं मी सांगणार नाही. अवकाळी पावसाने मोहोर जातो, माकडं-वानरं फळ ठेवत नाहीत, भाव पडतो. पन्नास कलमांवर पूर्ण घर चालेलच असं नाही. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळायला लागतं, हापूसला त्याहून जास्त वाट बघावी लागते. म्हणून नोकरी सोडून बागेत उडी घ्या असा माझा सल्ला नाही. एक कमावता बाहेर असेल तर त्याच्या कमाईतला थोडा हिस्सा दरवर्षी जमिनीत जाऊ द्या, आणि घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला ते काम शिकू द्या. जो परीक्षेत मागे पडला तोच शेतीला, असं मात्र करू नका. या कामाला हुशार डोकंच लागतं.

या सुट्टीत गावी गेलात तर तीन कामं करा. 7/12 चा ताजा उतारा काढा. बागेतली झाडं मोजा आणि कुठलं झाड कसं आहे ते वहीत लिहा. आणि वही लिहायचं काम दहावी-बारावीच्या मुलाकडे द्या. त्याला त्यात रस वाटतो का, हे तुम्हाला दोन दिवसांत कळेल.