घाटात बंद पडलेली जुनी फियाट आणि पहिली दहा मिनिटं

जुन्या गाड्यांवर एकदा बोला, असे मेसेज बरेच दिवस येत होते. बहुतेकांचा प्रश्न एकच: आजोबांची गाडी घरात आहे, गल्लीत छान फिरते, पण लांब न्यायची भीती वाटते. बंद पडली तर काय? आज त्यावरच बोलू. मी काही मेकॅनिक नाही. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस आहे. पण जुनी गाडी रस्त्यात बंद पडते ना, तेव्हा ते कामही बरंचसं बग शोधण्यासारखंच असतं.

आधी एक शब्द साफ करू. आपण कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. 2021च्या केंद्राच्या नियमात मात्र व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट घेता येते. पण तशी प्लेट घेतली की ती रोजच्या वापराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. आमच्या मामांची गाडी 1970ची फियाट 1100 डिलाइट. वयाने व्हिंटेज, पण प्लेट साधीच, कारण मामांना ती चालवायची असते.

हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनायची. 1089 सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती तुम्ही सिनेमात शंभर वेळा पाहिली असेल. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी हळवे स्टेटस टाकले. मला काळजी वेगळीच वाटली. टॅक्सी होत्या तोवर त्यांचे पार्ट विकणारी दुकानं होती आणि डोळे मिटून इंजिन उघडणारे मिस्त्री होते. टॅक्सी गेली की हळूहळू तेही जाणार. म्हणजे गावापासून लांब गाडी बंद पडली, तर पुढच्या नाक्यावर कोणीतरी भेटेलच, हा भरवसा आता धरू नका.

आता मुद्द्यावर येतो. उन्हाळ्यात, घाटात, जुनी पेट्रोल गाडी बंद पडली की जमलेली माणसं एकच निदान सांगतात: “एअर धरली.” म्हणजे व्हेपर लॉक. होतं असं की जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनलाच लावलेला असतो आणि मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढून आणतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोलची वाफ लवकर होते. त्यात घाट, गाडीचा वेग कमी, बॉनेटखाली भट्टी. पाइपात वाफ झाली की पंप नुसता वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. मग लोक पंपावर ओलं फडकं टाकतात, अर्धा तास थांबतात, गाडी सुरू होते. निदान बरोबर ठरलं, असं सगळ्यांना वाटतं.

इथेच घोळ आहे. गरम झाल्यावर बिघडणारी आणि थंड झाल्यावर सुधारणारी वस्तू एकटा पेट्रोलचा पाइप नसतो. इग्निशन कॉइल असंच वागते. डिस्ट्रिब्युटरला लावलेला कंडेन्सरही असंच वागतो. तिघांचा इलाज दिसायला एकच: थांबा. म्हणजे ओल्या फडक्याने काही सिद्धच होत नाही, गाडी नुसत्या वेळाने थंड झाली असेल. आणि थंड झाली की पुरावा गेला. गॅरेजला न्याल तेव्हा ती गुणी बाळासारखी एका सेलमध्ये सुरू होणार. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल: क्लायंटकडे रोज येणारा, आपल्या मशीनवर कधीच न दिसणारा बग.

मामांच्या डिलाइटचं नेमकं हेच चाललं होतं. दर उन्हाळ्यात एकदा तरी बंद पडायची. वेगवेगळ्या गॅरेजात मिळून तीन पेट्रोल पंप बदलून झाले होते. गेल्या वर्षी मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो, मामा, आजी, मी, डिकीत हापूसच्या दोन पेट्या. साखरपा सोडलं, आंबा घाट चढायला लागलो आणि अर्ध्या चढणीवर गाडी गचके देत थांबली. दुपारचे दोन. मामांनी गाडी डाव्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, “बास. कोल्हापुरात पोचलो की इकून टाकतो हिला.” आजी काहीच बोलल्या नाहीत. गाडी आजोबांची होती.

असं झालं तर सगळ्यात आधी माणसं बाहेर, दरीकडच्या नाही तर डोंगराच्या बाजूला, आणि गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. चाकाला दगड. या वयाच्या बहुतेक गाड्यांना चारही इंडिकेटर एकदम लावायची सोय नसते, म्हणून लाल त्रिकोण जवळ हवाच. तो गाडीला चिकटून ठेवू नका. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा, ट्रकवाल्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे. त्रिकोण नसेल तर आपल्याकडे झाडाची फांदी टाकतात, तेही चालतं. (निघताना फांदी आणि दगड उचलून बाजूला टाका हो. रात्री त्या दगडावर एखादा बाइकवाला जातो.)

मग पहिली दहा मिनिटं. गाडी गरम आहे, बिघाड अजून जिवंत आहे. आधी आठवा, ती मेली कशी? बटण बंद केल्यासारखी एकदम गप्प झाली तर वायर, कॉइल, करंट यांच्याकडे संशय. गचके, ठसका, जीव जाऊ जाऊ करत थांबली तर बहुधा पेट्रोल. बहुधा म्हणतोय, कारण अर्धमेला कंडेन्सरही गचके देतो. म्हणून अंदाजावर थांबायचं नाही, दोन्ही तपासायचं. आधी करंट, मग पेट्रोल, एकाच वेळी दोन्ही कधीच नाही. एकीकडे पेट्रोलचा पाइप उघडा आणि दुसरीकडे ठिणगी पाडताय, असं केलंत तर पुढचा एपिसोड दुसऱ्या कोणाला तरी करावा लागेल.

करंट तपासायला एक जास्तीचा स्पार्क प्लग जवळ ठेवा. एका प्लगची वायर काढायची, ती या जास्तीच्या प्लगला लावायची, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवायचा आणि हात बाजूला. दुसऱ्याने सेल मारायचा. ठिणगी निळी आणि टचटचीत हवी. पिवळट, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर चोर सापडला म्हणा. उन्हात ठिणगी दिसत नाही, शर्टची सावली करा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

[इथे ऑडिओमध्ये सेल मारल्याचा आवाज आहे. व्हिडिओ त्या दिवशीचाच.]

मामा म्हणत होते, “आरं थंड होऊ दे की आधी, मग बघू.” मी म्हटलं, “मामा, थंड झाल्यावर काही दिसणार नाही. तुम्ही फक्त सेल मारा.” त्यांनी मारला. ठिणगी पिवळी, तीही चारातून एकदा.

आता पेट्रोल. पाइप न काढता बघायची युक्ती आहे. इंजिन बंद, चावी बंद, एअर फिल्टरचं झाकण काढायचं आणि कार्ब्युरेटरचा अॅक्सिलरेटरचा खटका हाताने एकदा ओढायचा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पंप, पाइप, फिल्टर किंवा व्हेपर लॉक. बघताना तोंड अगदी वर धरू नका आणि कोणी सेल मारत असताना तर नाहीच, आग वर येऊ शकते. आमची पिचकारी एकदम झकास उडाली. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. तीन पंप उगाच बदलले होते.

कंडेन्सर करतो काय, तेही सांगतो, कारण हा बोटाच्या पेराएवढा डबा फार दुर्लक्षित आहे. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नावाचा छोटा स्विच असतो. तो मिटला की कॉइलमधून करंट वाहतो, उघडला की करंट तुटतो, आणि करंट जितका झटक्यात तुटेल तितकी प्लगची ठिणगी जोरदार. पण स्विच उघडताना करंट त्या फटीतूनच उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी तो धक्का गिळतो. साधा कपॅसिटरच, साधारण 0.2 मायक्रोफॅरडचा. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की गरम झाल्यावर तो गळायला लागतो. मग ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडते आणि पॉइंट जळतात. आम्ही झाकण काढलं तेव्हा पॉइंट काळेनिळे पडले होते.

डिकीत नवा कंडेन्सर होता. किंमत म्हणाल तर चौघांच्या चहा-नाश्त्याएवढी. एक स्क्रू, एक वायर. तो स्क्रू डिस्ट्रिब्युटरच्या आत पडला तर संध्याकाळ तिथेच, म्हणून स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा घ्या. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला, फट जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी ठेवली. सेल मारला, ठिणगी निळी. इंजिनाला अजून हात लावता येत नव्हता आणि गाडी सुरू झाली. हे महत्त्वाचं आहे. गरम असतानाच सुरू झाली, म्हणून आम्ही म्हणू शकलो की थंड होण्याने नाही, कंडेन्सरने फरक पडला.

मी पक्का हट्टी, जुना कंडेन्सर घरी आणला. मल्टिमीटर लावला: आकडा बरोबर. बायकोच्या हेअर ड्रायरने तापवला: आकडा एका जागी ठरेना. थंड केला: पुन्हा बरोबर. गॅरेजात तो इतकी वर्षं का सापडला नाही, ते असं. आता दुसरा उन्हाळा गेला, गाडी मामांकडेच आहे आणि आंबा घाट दोनदा चढून आली.

म्हणजे व्हेपर लॉक खोटं आहे का? अजिबात नाही. उलट आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं, त्याचा विचार जुन्या गाडीवाल्यांनी करायलाच हवा. इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढतं. लांब जायच्या आधी पाइप नव्या पेट्रोलला चालणारे घाला, एक्झॉस्टपासून दूर बांधा, आणि फिल्टर पारदर्शक बसवा, आत काय चाललंय ते दिसतं.

काटा लालमध्ये गेला असेल, तर तो वेगळा विषय. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, एवढंच सांगतो.

टोचन करायची वेळ आली तर सपाट ट्रकवर चढवलेली बरी. दोरीच लावायची तर बंपरला बांधू नका, खालच्या मजबूत आडव्या पट्टीला बांधा. एक गोष्ट जुन्या गाडीच्या बाजूची: आमच्या डिलाइटच्या ब्रेकला इंजिनची मदत लागतच नाही, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी ब्रेक जसेच्या तसे. नव्या गाडीत पेडल दगड होतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033, जिवावरचं काही असेल तर 112. इन्शुरन्सची रस्त्यावरची मदत तुमच्या गाडीच्या वयाला लागू आहे का, ते घरूनच फोन करून विचारा.

डिकीत काय? कंडेन्सर, पॉइंट, रोटर, दोन प्लग, फॅनबेल्ट, हातभर पेट्रोल पाइप आणि क्लिपा, वायर, टेप, पाणी, छोटं अग्निशामक. मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा, कारण घाटात रेंज जाते, आणि घाट सुरू व्हायच्या आधी घरच्यांना लोकेशन. प्लगच्या वायरी काढायच्या आधी फोटो काढा. फियाटचा क्रम 1-3-4-2, पण गरमागरमीत कोणाला आठवतो?

ज्यांच्याकडे कार नाही पण काकांची येझदी किंवा जुनी पॉइंटवाली बुलेट आहे, त्यांना पॉइंट, कंडेन्सर आणि ठिणगीचा भाग तसाच लागू. तुमच्या ठिणगीचा व्हिडिओ असेल तर पाठवा. गाडी गरम असतानाचा हवा.